सुरतेहून आणलेली घोडी

आमच्या ह्यांचा नंदुरबारला फोटोचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. तिच्या उत्तरेकडच्या छपराला काचा बसवलेल्या होत्या, आणि समोरच्या भिंतीवर कापडी पडदा होता, त्यावर तळं आणि दोन हंस रंगवलेले. हंसांपैकी एकाची मान उंदरांनी खाल्ली होती. त्यामुळे गिऱ्हाईक बसवताना त्याचं डोकं नेमकं त्या जागी येईल असं बसवावं लागे. खोलीच्या मधोमध मोठा लाकडी कॅमेरा आणि त्याची तिपाई. तिपाई चांगल्या सागाची, जड, आणि ह्यांच्या उंचीच्या मापाने बनवलेली. आमचे हे सहा फुटांच्या आसपास होते. मी त्यांच्या खांद्याच्याही खाली.

मी कधी कॅमेऱ्याला हात लावीन असं लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. धुळ्याहून आले तेव्हा मला स्वयंपाक, भरतकाम आणि थोडं इंग्रजी वाचणं येत होतं. पण गावातल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडून निरोप आला. घरची मुलगी लग्न होऊन भरूचला जाणार होती आणि थोरल्या बीबींना त्याआधी घरातल्या सगळ्या बायकांचा एकत्र फोटो हवा होता. मुसलमानी घर. परक्या पुरुषाला आत जाता येत नव्हतं, आणि बायका स्टुडिओत येणार नव्हत्या. हे दोन दिवस विचार करत बसले. मग जेवताना म्हणाले, "तुला शिकवतो."

"काय?"

"सगळं. काही अवघड नाही. काळ्या फडक्यात डोकं घालायचं, काचेवर चित्र स्पष्ट झालं की फडक्यातून बाहेर यायचं, प्लेट सरकवायची, भिंगावरची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे आणि टोपी लावायची."

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "फडकामा डोकं घालानं काम तर तिले येसच." मी नवी सून असताना बरेच दिवस पदरातून बाहेर आले नव्हते, त्यावर हा टोला होता.

शिकणं खरंच अवघड गेलं नाही. अवघड होती ती तिपाई. तिचे पाय खाली येत नसत. मी लाकडी खोक्यावर उभी राहून शिकले. खोक्यावर, फडक्यात, आंधळ्यासारखी, पायाने खोक्याची कड चाचपत. हे म्हणायचे, "एकदा तिथे गेलीस की त्यांच्या घरी स्टूल असेलच."

ठरलेल्या दिवशी कॅमेरा आणि तिपाई बैलगाडीत घालून मी बीबींच्या घरी गेले. हे बाहेरच्या बैठकीत पुरुषांबरोबर चहा पीत बसले. आतला चौक प्रशस्त होता, उजेड सुंदर होता. बायका आधीच नटून रांगेत बसल्या होत्या. फक्त ह्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. आमच्या तिपाईच्या पायांना खाली लोखंडी टोकं होती, आणि चौकातली फरशी गुळगुळीत होती, इतकी की तिच्यात आकाश दिसत होतं.

मी स्टुलावर चढले, फडक्यात डोकं घातलं. काचेवर उलट्या दिसणाऱ्या बायका हळूहळू स्पष्ट होऊ लागल्या. मग त्या खाली सरकू लागल्या. मला वाटलं त्या हलताहेत. मी फडक्यातूनच म्हटलं, "हलू नका." त्या हलत नव्हत्या. तिपाईचे तीन पाय तीन दिशांना निघाले होते. मी बाहेर डोकं काढेपर्यंत कॅमेरा गुडघाभर खाली आला होता आणि थोरल्या बीबी, साठीच्या पुढच्या, जरीच्या ओढणीसकट उठून दोन्ही हातांनी त्याला मिठी मारून उभ्या होत्या. कॅमेरा वाचला. बाकी सगळ्या बायका तोंडावर ओढणी घेऊन हसत होत्या.

बीबींनी कॅमेरा मला दिला आणि ओढणी नीट केली. म्हणाल्या, "बेटी, पहले इन तीनों पैरों को एक राय पर लाओ. फिर आना."

परत येताना गाडीत हे म्हणाले, "तुझ्यासाठी वेगळी घोडी घ्यावी लागेल." कॅमेऱ्याच्या स्टँडला त्या काळी आम्ही घोडी म्हणत असू. "खाली होणारी, वर होणारी, फरशीवर टिकणारी, मातीत टिकणारी, हातात नेता येणारी. सगळ्या कामांची एकच."

अशी घोडी फक्त सुरतेला मिळेल यावर त्यांचं ठाम मत होतं. नंदुरबारहून सुरतेला गाडी जायची. दुकानात कॅमेरा ठेवून बघितल्याशिवाय घोडी घ्यायची नाही, हे माझं मत. म्हणून कॅमेरा गोधडीत गुंडाळून बरोबर घेतला. डब्यात समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "हाई काय शे दादा? पेटी शे का?" त्याला बाजाची पेटी म्हणायची होती. त्याआधी तीन जणांनी तेच विचारलं होतं आणि ह्यांनी तिघांना कॅमेरा म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. आता ते दमले होते. "हो, पेटी," ते म्हणाले.

म्हातारा खूश झाला. "मंग एक भजन व्हई जाऊ द्या."

हे म्हणाले, पेटीचा सूर बिघडला आहे, दुरुस्तीला नेतो आहे. तरी डब्याचं समाधान होईना. कुणी म्हणालं, बिघडलेलीच वाजवा, आम्हाला कुठे कळतंय. शेवटी हे पेटीशिवाय भजन म्हणाले. त्यांचा आवाज चांगला नव्हता. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि मला हळूच सांगितलं, "पेटी जल्दी नीट करी ल्या."

सुरतेचं दुकान लहान होतं, पण घोड्या बऱ्याच होत्या. दुकानदार गुजराती, गोल चेहऱ्याचा, बोलताना हातांनी वस्तू घडवणारा. त्याने आधी एक विलायती स्टुडिओ-घोडी दाखवली. तिला खाली चाकं, बाजूला फिरवायचा दांडा. दांडा फिरवला की कॅमेरा वर जाई. सुंदर होती, पण तिला राहायला आमच्याहून मोठं घर लागलं असतं. मग लाकडाच्या दोन-तीन. मी प्रत्येकीला हात लावून बघितला, दाबून बघितलं, पायांवर बोटाने वाजवून बघितलं. दुकानदार ह्यांना म्हणाला, "बेन तो माटलं घेतात तशी बघतात."

मी म्हटलं, "माठ फुटला काय नि घोडी मोडली काय, परत इथेच आणावं लागेल."

शेवटी त्याने कपाटातून एक चामड्याची नळी काढली, आणि तिच्यातून पितळेची एक काठी. काठी जमिनीवर टेकवली, एक कळ दाबली, आणि तिचे तीन पाय झाले. प्रत्येक पायातून आणखी एक नळी निघाली, तिच्यातून आणखी एक. पितळ चकचकत होतं. "आ घोडी बधां काम करशे," तो म्हणाला. "सगळी कामं. वर केली की साहेब. खाली केली की बेन. बंद केली की काठी, फिरायला जा."

आमचे हे त्या क्षणी तिच्यावर भाळलेच. त्यांनी ती उघडली, बंद केली, परत उघडली. लहान मुलाला भोवरा मिळावा तसा चेहरा झाला होता. मी म्हटलं, कॅमेरा ठेवून बघू. ठेवला. कॅमेरा वर बसला, आणि घोडीने मान डोलावली. हळू, आदराने, कीर्तनातल्या श्रोत्यासारखी. बाहेरून एक टांगा गेला, तेव्हा तर ती चांगलीच डोलली.

"हलते आहे," मी म्हटलं.

"घोडी नथी हालती, बेन," दुकानदार म्हणाला. "रस्तो हाले छे."

मला लाकडाची एक बुटकी घोडी पसंत होती, पण ती फक्त बुटकीच राहणारी होती. ह्यांना स्टुडिओच्या बाहेरही, लग्नाकार्यात, उभ्या माणसांचे फोटो घ्यायचे होते. एकच घ्यायची तर दोघांची हवी. आमचं दुकानाच्या पायरीवर उभं राहून बरंच बोलणं झालं. ते म्हणाले, लाकडाची घेतली तर मी तिचं काय करू? मी म्हटलं, पितळेची घेतली तर मी तिच्यावर काय करू? शेवटी दुकानदाराने चहा मागवला, आणि चहा पिऊन झाल्यावर माणूस जितका मऊ होतो तितकी मी झाले. पितळेची घोडी आमच्याबरोबर आली. येताना डब्यात ह्यांनी ती काठी म्हणून हातात धरली होती, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

घरी सासूबाईंनी ती बघितली. "सुरतथीन हाई काय लई उनात?" ह्यांनी कळ दाबली आणि तीन पाय करून दाखवले. सासूबाई मागे सरकल्या. "जित्तं तर नहीं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी अंगणात सासूबाईंना खुर्चीवर बसवून पहिला फोटो घेतला. त्या दगडासारख्या बसल्या होत्या, पापणीसुद्धा हलली नाही. वारा होता, थोडासाच. प्लेट धुऊन, कागदावर छापून फोटो तयार झाला तेव्हा एका खुर्चीच्या दोन झाल्या होत्या, आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर एक नाक होतं आणि त्याच्याजवळ आणखी एक, थोडं पुसट. त्यांनी फोटो उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला. मग स्वतःचं नाक बोटाने चाचपलं.

"माले दोन नाक शेतस का रे भाऊ?"

हे म्हणाले, "घोडी हलली."

"मी हालनू नहीं," त्या म्हणाल्या. "तुन्ही घोडी हालनी. मंग घोडीले नाक दे ना, माले कसाले देस?"

त्यानंतर आठवडाभर ह्यांनी घोडीवर उपाय केले. पायांना सुतळी बांधली, तेव्हा तिचे पाय जवळ आले आणि ती जास्तच डोलू लागली. पायांखाली विटा ठेवल्या. नळ्यांच्या सांध्यांत मेण भरलं, तर नळ्या आतून बाहेर येईनात आणि त्या काढताना ह्यांच्या हाताचं साल निघालं. बीबींकडून दोनदा निरोप आला, मुलगी जायची वेळ जवळ येते आहे. हे घोडीकडे बघत ओट्यावर बसून राहत. मी दुकानाच्या पायरीवर जे बोलले होते ते परत एकदाही काढलं नाही. काढायची गरजही नव्हती, घोडी समोरच उभी होती.

शेवटी ते म्हणाले, राहू दे, सुरतेला परत नेतो. ती अंगणाच्या कोपऱ्यात, उघडलेलीच, तशीच राहिली.

आमच्या घरी त्या दिवसांत एक मांजर येत असे. आमची नव्हती, पण आमचं दूध स्वतःचं समजत असे. सासूबाईंनी श्रीखंडाला दही बांधलं होतं आणि पुरचुंडी टांगायला जागा शोधत होत्या. खुंटीवरची मांजराने आदल्या वेळी खाली ओढली होती. त्यांनी घोडी बघितली. घोडीच्या डोक्याखाली, तीन पाय जिथे मिळत तिथे, कॅमेरा घट्ट करायचा पितळी स्क्रू खाली लोंबत होता. सासूबाईंनी दह्याची पुरचुंडी त्याला बांधली, खाली पातेलं ठेवलं आणि मला बोलावलं.

"हाई देख. आठे मांजर चढस नहीं."

खरंच चढत नव्हतं. आमच्या डोळ्यांदेखत मांजर आलं, पितळेच्या पायावर पंजा टाकला, घसरलं, परत टाकला, परत घसरलं. मग पातेल्याशी बसून वर बघत राहिलं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते ह्यांनी सुरतेहून लुगडं आणलं असतं तरी दिसलं नसतं.

थोड्या वेळाने मी अंगण झाडत होते. झाडता झाडता केरसुणीची मूठ घोडीच्या पायावर चांगली आपटली. मला वाटलं, दही पडणार. पण घोडी हलली नाही. मी थांबले. परत एक टोला दिला, मुद्दाम. नाही हलली. मग हाताने ढकललं. किंचित थरथरली आणि गप्प झाली. डोलणं नावालाही नाही.

मी आत जाऊन ह्यांना म्हटलं, "अहो, जरा बाहेर या. दह्याने घोडी सुधारली."

ते आले, मला वेड लागलं आहे अशा नजरेने. पण त्यांनीही ढकलून बघितलं. मग खाली बसून पुरचुंडीकडे बघितलं, वर डोक्याकडे बघितलं. "वजन मधोमध खाली ओढतंय," ते म्हणाले, "म्हणून पाय दाबून बसलेत." ताबडतोब कॅमेरा आणला, वर बसवला, आणि सासूबाईंना परत खुर्चीवर बसवलं. त्या म्हणाल्या, आता किती नाकं देणार ते आधी सांग. फोटो घेतला. वाराही होता. फोटो आला तेव्हा नाक एकच होतं, आणि ते इतकं स्वच्छ आलं होतं की त्यावरची तपकिरीची रेघसुद्धा दिसत होती. सासूबाईंनी तो फोटो बरेच दिवस कुणालाही दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी बीबींकडे जायचं ठरलं. मी म्हटलं, दही बांधून नेऊ. सासूबाईंनी पुरचुंडी सोडून घरात नेली.

"मन्हं दही मन्हा घरमाच ऱ्हाई."

मग आम्ही रिकामी पिशवी घेतली. वजन तिथे भरू, असं ठरलं. फरशीसाठी ह्यांनी जाड सुतळीचा एक त्रिकोण करून दिला. घोडीचे तीन पाय तीन कोपऱ्यांत अडकवले की ते पसरत नव्हते. ही सुतळी मात्र पूर्णपणे त्यांची करामत, आणि ती पुढे मी कायम वापरली. खाली केल्यावर घोडी माझ्या नेमकी छातीपर्यंत येई. बसलेल्या बायकांचा फोटो घ्यायला त्याहून चांगली उंची नव्हती.

बीबींना मी पिशवी दाखवली आणि काहीतरी जड मागितलं. कशाला ते सांगितलं. त्यांनी विचार केला आणि स्वतःचं पानदान आणलं. पितळेचं, घागरीएवढं, सुपारी, चुना, कात सगळं आत. पिशवीत घालून ते घोडीखाली टांगलं. उत्तम वजन होतं. घोडी जमिनीत रुजल्यासारखी उभी राहिली. बायका बसल्या. मी फडक्यात डोकं घातलं, चित्र स्पष्ट केलं, बाहेर आले, प्लेट घातली. तेव्हा बीबी म्हणाल्या, "पानदान लाओ."

"ते घोडीला टांगलंय."

"फोटो में मेरे पास चाहिए. पानदान के बिना मुझे कौन पहचानेगा?"

घरातल्या बायका समजावू लागल्या. सुनेने सांगितलं, तुम्हाला सगळे ओळखतात. बीबींनी ऐकलं नाही. त्या पंचवीस-तीस वर्षं पानदानाशेजारी बसत होत्या आणि भरूचकडच्या लोकांनी त्यांना तसंच बघावं असं त्यांचं म्हणणं होतं. पानदान काढलं की घोडी डोलू लागे. ठेवलं की बीबी बसत नसत. शेवटी जी मुलगी भरूचला जाणार होती तीच उठली, स्वयंपाकघरात गेली आणि मसाला कुटायचा लोखंडी खलबत्ता दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. तो पानदानापेक्षाही जड होता. पिशवीचा बंद जरा कुरकुरला, पण टिकला. पानदान बीबींच्या मांडीशी गेलं. मी टोपी काढली, मोजलं, टोपी लावली.

फोटो छापून दिला तेव्हा बीबींनी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत तो बघितला. सगळ्या आल्या होत्या. म्हणाल्या, "इस घर में सब औरतें एक साथ चुप बैठीं, इसका यही एक सबूत है." त्यांनी आणखी तीन प्रती मागितल्या.

त्यानंतर माझं काम वाढलं. आधी गावातल्या घरांतून, मग बाहेरून बोलावणी येऊ लागली. शहाद्याला गेले, ब्राह्मणपुरीला एका बारशाला गेले, म्हसावदला दोनदा. पिशवी मी नेहमी रिकामी नेत असे, आणि प्रत्येक घरातल्या बायका आपापल्या परीने ती भरत. कुठे कांदे, कुठे वरवंटा, एका घरी सासऱ्यांची गुळाची ढेप. म्हसावदला एका बाईने पाय बांधलेली कोंबडी पिशवीत घातली, वजन चांगलं आहे म्हणाली. वजन चांगलं होतं, पण कोंबडीला मोजेपर्यंत थांबायचं कळत नव्हतं. डोंगरातल्या एका पाड्यावर उतारावर घोडी उभी करायची होती. तिचा एक पाय लांब, दोन आखूड केले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की सुरतेच्या दुकानदाराने अगदीच खोटं सांगितलं नव्हतं.

ह्यांनी मात्र आयुष्यात स्वतःचा फोटो काढून घेतला नव्हता. फोटो काढणाऱ्याचा फोटो कोण काढणार, असं ते म्हणत. बरीच वर्षं गेल्यावर एकदा मीच म्हटलं, बसा. ते तळ्याच्या पडद्यापुढे बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, जसं ते इतरांना शिकवत तसं. मी फडक्यात गेले.

"थोडा डावीकडे घे," त्यांचा आवाज आला. "उजेड बघ. प्लेट उलटी नाही ना घातलीस?"

"हलू नका," मी म्हटलं आणि टोपी काढली.

"मोजताना घाई करू नकोस," ते म्हणाले.

फोटो चांगला आला. कोट, बटणं, कपाळ, डोळे, सगळं अगदी रेखीव. फक्त तोंडाच्या जागी धुकं होतं. मी तो त्यांना दाखवला नाही, आधी सासूबाईंना दाखवला आणि म्हटलं, परत काढते. त्या तेव्हा खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी तो चांगला निरखून बघितला आणि मला परत दिला.

"परत कसाले काढस?" त्या म्हणाल्या. "तो आसाच शे."